मुलगी सुळक्यावर जाते तेव्हा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ग्रॅनाइटचे उभे सुळके आहेत. त्यांना बुगाबू म्हणतात. त्यांतला बुगाबू स्पायर ३,२०४ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. कॅलगरीत नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या लेकीने तो चढायचं ठरवलं, सोबत एक मैत्रीण आणि एक गाइड. तिच्या अब्बांनी खर्च किती ते विचारलं. मी विचारलं, ‘कशाला?’ ती म्हणाली, ‘अम्मी, तू इथेच आहेस, तर चल आणि बघ.’

हमरस्ता सोडल्यावर बराच वेळ खडीचा रस्ता लागतो. तो संपतो तिथे उभ्या गाड्यांभोवती तारेची जाळी गुंडाळलेली! साळिंदरं येऊन टायर आणि ब्रेकच्या नळ्या कुरतडतात म्हणे. पुढे चढ, मध्ये साखळ्या आणि एक शिडी. गुडघे कुरकुरत असताना मी कशीबशी केन हटपर्यंत पोहोचले. तिथे शिधा आपला आपण न्यायचा असतो, त्यामुळे हलालचा प्रश्न आपोआप मिटला. रात्री खिचडी केली.

हे नाव ऑस्ट्रियातून आलेल्या कॉनरॅड केन या गाइडचं. १९१६ साली बुगाबू स्पायरवर पहिल्यांदा माणसं पोहोचली ती त्याच्या दोरावर. त्यांत एलिझाबेथ मॅकार्थी ही बाईही होती. हे ऐकल्यावर ‘बायकांनी कशाला?’ हा माझा मुद्दा तरी संपला.

आमची गाइडही बाईच. आदल्या दिवशी हटजवळच्या खडकावर तिने मुलींची तयारी करून घेतली. प्रत्येकीची गाठ ती हाताने चाचपून बघे, आणि मग स्वतःची गाठ मुलींना तपासायला लावी. इतक्या अनुभवी बाईची गाठ पोरींनी काय तपासायची? लेक म्हणाली, ‘चूक कुणाचीही होऊ शकते, म्हणून हा नियम.’ गाइड आधी चढते, भेगांत धातूची साधनं अडकवून त्यांतून दोर ओवते. वर स्वतःला पक्कं बांधून घेतल्यावरच मागच्यांना चढू देते. दोर सतत वर ओढलेला असतो, त्यामुळे पाय सुटला तरी माणूस फार खाली जात नाही.

पहाटे फजरच्याही आधी त्या निघाल्या. आधी बुटांना काटे लावून बर्फाचा उभा चढ, मग खिंड, मग दक्षिणेची धार. शिखराच्या अलीकडे वाट अडवून उभा असलेला एक खडक आहे. सगळ्यात अवघड जागा तीच. मी दिवसभर तस्बीह हातात घेऊन आभाळ बघत होते. दुपारी पश्चिमेला ढग काळे झाले.

चारच्या सुमारास तिघी परतल्या, शिखर न गाठता. त्या अवघड खडकाच्या पायथ्याशी गाइडने ढग पाहिले आणि परत फिरायला सांगितलं. धारेवर विजेपासून आडोसा नाही, आणि त्याच वाटेने दोरावरून उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. लेक रडत होती. ‘अजून तासभर मिळाला असता ना, अम्मी!’ पाचनंतर गारा सुरू झाल्या. कडकडाटाने हटच्या काचा थरथरल्या. लेक खिडकीपाशी गप्प उभी राहिली.

मला माझे चुलत आजोबा आठवले. मचव्यावर ते तांडेल होते. वारा फिरला आणि त्यांनी ‘वळवा’ म्हटलं की मचवा वळायचा. मासळी मिळाली की नाही, हा विषय किनाऱ्यावर आल्यानंतरचा.

रात्री लेकीच्या अब्बांना सगळं कळवलं. ते म्हणाले, ‘म्हणजे पैसे फुकट गेले.’ मी म्हटलं, ‘पोरगी शेजारी झोपलीय. वसूल झाले.’

कुणाच्या घरी असा हट्ट आला तर ‘नाही’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाइडकडे प्रमाणपत्र आहे का? कॅनडात ते देणारी गाइडांची संघटना १९६३ पासून आहे. एका दोरावर किती जण असतील? आणि परत फिरायचं कुणी ठरवायचं? तिसऱ्याचं उत्तर ‘गाइडने’ असंच यायला हवं, आणि तेही पैसे भरण्याआधी.