पडद्यांच्या मधली जागा

हिंडलगा म्हटलं की लोकांना तुरुंग आठवतो. मला आठवतो वेंगुर्ल्याचा रस्ता, बेळगावच्या कॅम्पातून निघून आमच्या गावावरून आंबोलीकडे आणि तिथून खाली कोकणात उतरणारा. ‘कोंकण डान्स’ हे नाव दिसलं तेव्हा या रस्त्यापायीच ती रेकॉर्ड मी लावली. गिटार वाजवणारा होता अमान्सिओ डिसिल्वा.

घराणं गोव्याचं, जन्म मुंबईतला, १९३६ चा. मुंबईतच राहिला असता तर सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखा सिनेमाच्या वाद्यवृंदात रमला असता आणि पडद्यावर नाव संगीतकाराचं आलं असतं. पण १९६७ मध्ये तो लंडनला गेला. १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ निघाली, पाठोपाठ जो हॅरिएटसोबत ‘हम दोनो’. हॅरिएट जमैकाचा, अल्टो सॅक्सोफोनवाला. ठरलेली चौकट मोडून वाजवण्याचा नाद त्याला १९६० पासूनच लागलेला.

त्याआधी हॅरिएटनं संगीतकार जॉन मेयरबरोबर सतार, तबला आणि जॅझ यांची सांगड घातली होती. तबल्यावर आपले केशव साठे. मोठी माणसं, मोठा प्रयोग. पण मला तो शेजारीशेजारी मांडलेल्या दोन पंगतींसारखा वाटतो. ‘हम दोनो’त सतार नाही, तबलाही नाही. गिटार, सॅक्सोफोन, इयन कारचा ट्रम्पेट, नॉर्मा विन्स्टनचा शब्दावाचूनचा आवाज. तरी त्यात आपल्याकडची मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणारी, ऐकू येते.

ही करामत बोटांची. गिटारचे पडदे दांडीत ठोकून बसवलेले, सतारीसारखे सरकवता येत नाहीत. सतारीची तार ओढून चार-पाच सुरांवर जाता येतं. गिटारची दांडी अरुंद, तिथं सूर-दीड सूर ओढला तरी पुष्कळ. त्या इवल्या जागेत डिसिल्वा सूर हलवत राहतो, मुक्कामाला पोचायची घाई करत नाही. अमुक राग म्हणून बोट ठेवू जावं तर तो निसटतो. मला तेच आवडतं.

‘कोंकण डान्स’ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झाली आणि बाजारात आली २००६ मध्ये. डिसिल्वा १९९६ सालीच गेला होता.

परवा आमच्या भजनातल्या पेटीवाल्याला ‘हम दोनो’ ऐकवली. तो मांडीवर बोटं चालवत सूर शोधत होता, मग वैतागला. “पेटीत न्हाईत की ओ हे सूर,” म्हणाला. “परत लावा बघू.”