कोईमतूरच्या ट्रॅकसाठी ऑइल

गोंदियात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून इथे कुणालाही विचारा, सल्ला एकच: "भाई, जाड ऑइल टाका." माझा भाचा कर्जावर घेतलेली स्पोर्ट्स कार कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायला नेतोय. त्यालाही तेच सांगितलं गेलं, २०डब्ल्यू-५०. ॲम्बेसेडरच्या काळातला हिशेब!

मला तो पटला नाही. ५डब्ल्यू-४० मधला ५ गार इंजिन सुरू होतानाचा. आमच्या हिवाळ्याला तो पुरून उरतो. ४० म्हणजे १०० अंशांवरचा दाटपणा. बाहेरच्या उन्हापेक्षा सतत चढलेले आरपीएम ऑइल जास्त तापवतात, ट्रॅकवर कधी १३० अंशांपर्यंत. मग ते पातळ होतं, बेअरिंगवरचा थर तुटू शकतो. पण गरजेपेक्षा दाट ऑइल अरुंद फटींत वेळेवर पोहोचत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये चालत असेल तरच सिंथेटिक ५डब्ल्यू-५०, नाहीतर ४०च. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला हवी. जोरात वळताना ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. परत आल्यावर ऑइल बदलायचंच.

"मामू, पुन्हा पाच-सहा हजार?"

मी विचारलं, "हप्ते किती उरलेत रे?"