शिक्षकाच्या हाती लेझर

लेझर आणि प्रकाशशास्त्राच्या शिक्षक-प्रशिक्षणात शाळेतील विज्ञान शिक्षकांकडून परावर्तन, अपवर्तन, विवर्तन आणि प्रकाशतंतू यांवरचे प्रयोग त्यांच्याच हातांनी करून घेतले जातात. व्याख्यान कमी आणि टेबलावरचे काम जास्त, अशी त्याची मांडणी असते. प्रशिक्षणाला येणाऱ्या शिक्षकांना विषय बहुधा माहीतच असतो. सूत्रे पाठ असतात, किरणाकृती डोळे मिटून काढता येतात. प्रयोगाआधी स्वतःचे उत्तर ठामपणे मांडून ते चुकू देण्याची सवय मात्र नसते, आणि प्रशिक्षणाचा मुख्य हेतू तीच सवय लावण्याचा असतो.

या कामाला प्रकाश हा विषय सोयीचा आहे. साहित्य स्वस्त मिळते, परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो आणि रोजच्या व्यवहाराशी त्याचा थेट संबंध असतो. दुकानातील बारकोड वाचणारे यंत्र, लेझर प्रिंटर, घरापर्यंत इंटरनेट आणणारी फायबर केबल, चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया, हे सगळे लेझरवर चालते. थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर चालवला तो १६ मे १९६० रोजी. युनेस्को आता हा दिवस आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन म्हणून पाळते.

युनेस्कोच्याच पुढाकाराने २००४ मध्ये घानात ‘ॲक्टिव्ह लर्निंग इन ऑप्टिक्स अँड फोटोनिक्स’ या उपक्रमाची पहिली कार्यशाळा झाली. हा उपक्रम विकसनशील देशांतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी होता. पुढे ट्युनिशिया, मोरोक्को, टांझानिया, ब्राझील, मेक्सिको अशा देशांत कार्यशाळा झाल्या. २००६ मध्ये दिल्लीतही झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील प्राध्यापक डेव्हिड सोकोलॉफ यांनी संपादित केलेली प्रशिक्षण-पुस्तिका निघाली. तिच्यात सहा घटक आहेत: भौमितिक प्रकाशशास्त्र, भिंगे आणि डोळा, व्यतिकरण व विवर्तन, वातावरणातील प्रकाश, प्रकाशाद्वारे माहितीचे वहन, आणि एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचे वहन.

या उपक्रमाच्या पद्धतीत भाकीत, निरीक्षण, चर्चा आणि निष्कर्ष असे चार टप्पे असतात. प्रयोग दाखवण्याआधी प्रत्येकाने काय होईल ते कागदावर लिहायचे, शेजाऱ्याशी पडताळायचे, मग प्रयोग पाहायचा आणि फरक का पडला ते शोधायचे. भाकिताला गुण नसतात, त्यामुळे चुकण्याची भीतीही नसते. कार्यशाळेत शिक्षक विद्यार्थ्याच्या बाकावर बसतो आणि हे चारही टप्पे स्वतः पार करतो.

भिंगाचा एक प्रयोग या पद्धतीचे मर्म चांगले दाखवतो. बहिर्वक्र भिंगाने बल्बची प्रतिमा पडद्यावर पाडायची आणि विचारायचे, भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर प्रतिमेचे काय होईल? अर्धी प्रतिमा जाईल, असे उत्तर शाळकरी मुलेच नव्हे, तर पदवीचे विद्यार्थीही देतात. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्ण राहते, फक्त अंधुक होते. चुकीचे मूळ पाठ्यपुस्तकातील आकृतीत आहे. सोयीसाठी तिथे दोनच किरण काढलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटते की प्रतिमा त्या दोन किरणांचीच बनते.

इथे लेझर उपयोगी पडतो. भिंगाचे नाभीय अंतर २० सेंमी असेल तर लेझरचे तोंड भिंगापासून ४० सेंमीवर आणि पडदा पलीकडे ४० सेंमीवर ठेवायचा. तोंडाची जागा न हलवता लेझर थोडा थोडा फिरवला की किरण भिंगावर कधी वर, कधी मध्ये, कधी खाली पडतो. पडद्यावरचा ठिपका मात्र जागचा हलत नाही. पडदा दहा सेंटिमीटर मागे नेला की तोच ठिपका सरकू लागतो. एका बिंदूतून निघालेले सगळे किरण एकाच बिंदूत येतात, हे वाक्य मग वेगळे शिकवावे लागत नाही.

इतर प्रयोगांना लागणारे साहित्यही घरातलेच असते. लेझरचे बटण दाबून धरायला कपड्यांचा चिमटा पुरतो. किरणाची वाट दिसावी म्हणून पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकायचे किंवा हवेत उदबत्तीचा धूर सोडायचा. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडून समोरच्या बाजूने त्यावर लेझर रोखला, की बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेबरोबर प्रकाशही वळतो. जिनिव्हात भौतिकशास्त्रज्ञ कोलाडॉन यांनी १८४१ च्या सुमारास हेच दाखवले होते आणि प्रकाशतंतूचे तत्त्वही हेच आहे.

मोजमापाचे प्रयोग आणखी रंगतात. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर केसावर टाकला तर दोन मीटरवरच्या भिंतीवर उजळ-काळे पट्टे दिसतात. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून एकाच बाजूच्या लगतच्या काळ्या पट्ट्यांमधील अंतराने भागले की केसाची जाडी मिळते. पट्टे १६ मिमी अंतरावर असतील तर केस सुमारे ८१ मायक्रोमीटर जाडीचा असतो. पुठ्ठ्याच्या भोकातून तोच लेझर १० सेंमीवरील सीडीवर सरळ टाकला तर परतलेला पहिला ठिपका भोकापासून सुमारे ४.४ सेंमीवर पडतो, डीव्हीडीचा सुमारे १८ सेंमीवर. सीडीवरच्या रेषा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, डीव्हीडीवरच्या ०.७४. डीव्हीडीत जास्त माहिती का मावते, याचे एक कारण विद्यार्थी फूटपट्टीने शोधतो.

प्रयोगांइतकाच वेळ सुरक्षेला द्यावा लागतो. वर्गासाठी एक मिलिवॅटपर्यंतचा, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा लाल लेझर योग्य. हिरव्या लेझरमध्ये अदृश्य अवरक्त किरणांपासून हिरवा प्रकाश तयार होतो. स्वस्त बनावटीत गाळणी नसेल तर ते अवरक्त किरण बाहेर येतात आणि डोळ्याला कळतही नाहीत. बाजारातील लेझरच्या चिठ्ठीवर छापलेल्या मिलिवॅटच्या आकड्यावर विसंबू नये. किरण आडवा आणि बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली असावा, शेवटी काळा खरखरीत कागद लावावा, घड्याळे आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, खोलीत थोडा उजेड राहू द्यावा. लेझर मुलांच्या हाती सुटा देऊ नये. तो टेबलाला बांधलेला असावा.

कार्यशाळा संपल्यावर शिक्षकासमोर ४० मिनिटांची तासिका आणि साठ मुलांचा वर्ग उभा राहतो. म्हणून प्रशिक्षणातच प्रत्येकाने स्वतःच्या शाळेसाठी एक तास आखून तो सहकाऱ्यांपुढे घ्यावा. सहा जणांचा गट, गटाला एक संच आणि तासाला एकच प्रश्न, एवढे आटोक्यात राहते. संच शिक्षकाने स्वतः जुळवलेला असला तर मोडल्यावर तो दुरुस्तही करता येतो. तयार मिळालेली पेटी बहुधा कुलूपबंद राहते. महाराष्ट्रातील दहावीच्या विज्ञानात अपवर्तन आणि भिंगे हे दोन्ही पाठ आहेतच, त्यामुळे वेगळा अभ्यासक्रम लागत नाही.

प्रशिक्षण यशस्वी झाले की नाही, हे समारोपाच्या दिवशी भरलेल्या अभिप्रायावरून कळत नाही. सहा महिन्यांनी शाळेत जाऊन लेझरचे सेल किती वेळा बदलले, एवढे विचारावे.