हॉप्सच्या मळ्यांचा मुलूख

लंडनहून आगगाडीने पूर्वेला निघालं की सव्वा-दीड तासात फॅव्हरशम येतं. हा केंट परगणा. इंग्रज माणूस त्याला 'इंग्लंडची बाग' म्हणतो, आणि सप्टेंबरात पाहिलं तर ते नाव मुळीच खोटं वाटत नाही. फळांनी वाकलेली सफरचंदाची झाडं, चेरीच्या बागा आणि मधूनच विटांची एखादी गोल इमारत. तिला निमुळतं छप्पर आणि टोकावर वाऱ्याबरोबर फिरणारी पांढरी लाकडी टोपी! ही 'ओस्ट हाउसं'. आता बऱ्याचशा ओस्ट हाउसांतून लोकांचे संसार थाटलेले आहेत. पण मुळात ती बांधली हॉप्स वाळवण्यासाठी. वर जाळीदार फळ्यांवर घोड्याच्या केसांचं कापड अंथरायचं, त्यावर हॉप्स पसरायचे आणि खालून आच द्यायची.

हॉप्स म्हणजे काय, ते मलाही लेकीकडे राहायला गेले तेव्हाच कळलं. उंच खांब, त्यांवर तारा, तारांना दोऱ्या आणि दोऱ्यांवर सरसर चढलेल्या वेली. दुरून अगदी आपल्या पानमळ्याची आठवण व्हावी. यात नर वेल निराळा, मादी वेल निराळी. कामाची फुलं धरते ती मादीच! फूल अंगठ्याच्या पेराएवढं, फिकट हिरवं, पाकळीवर पाकळी रचलेलं. चुरडलं की बोटांना पिवळी पूड लागते. वास लिंबाच्या सालीसारखा, ओल्या गवतासारखा. चव मात्र कडूजहर. बिअरला कडवटपणा आणि सुवास येतो तो या पुडीमुळे. शिवाय ती टिकतेही. म्हणून तर भरपूर हॉप्स घातलेली फिकट रंगाची 'पेल एल' जुन्या काळी जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालत, महिनोन् महिने प्रवास करून आपल्या मुंबईच्या बंदरात उतरत असे.

पण मैत्रिणींनो, या मळ्यांची खरी गोष्ट बायकांची आहे. यंत्रं येईपर्यंत, म्हणजे १९५०-६० च्या सुमारापर्यंत, तोडणीला लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब कुटुंबं यायची. पुरुष नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येत. बायका पोराबाळांना घेऊन महिनाभर झोपड्यांतून राहत. गवताच्या गाद्या, उघड्यावरच्या चुली. मजुरी मापावर. त्या पैशात हिवाळ्याचे बूट-कपडे व्हायचे. सगळंच काही गोडीगुलाबीचं नव्हतं. २० ऑक्टोबर १८५३ रोजी मेडवे नदीच्या पुरात हार्टलेकच्या लाकडी पुलावरून मजुरांची गाडी कोसळली आणि ३० जीव गेले. हॅडलोच्या चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे, ओस्ट हाउसच्या आकाराचं.

लेकीच्या शेजारणीचं बालपण याच मळ्यांत गेलं. बाई सत्तरी ओलांडलेल्या. लहानपणी आईबरोबर लंडनहून तोडणीला यायच्या, पुढे लग्न होऊन इथेच राहिल्या. नवरा-बायको मिळून घरी बिअर घालायचे. आपण लोणचं घालतो ना, तसं! तिथे त्यात वावगं काही नाही. १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागे, तो १९६३ साली रद्द झाला. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि भांडी परसातल्या खोलीत गेली, ती गेलीच. या सप्टेंबरात मात्र बाईंच्या मनानं घेतलं.

"आई, तू जातेस का मदतीला?" लेक म्हणाली. मला अवघडल्यासारखं झालं. दारूपायी मोडलेले संसार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. माझं इंग्रजी बेतास बात, तरी मी ते बाईंना बोलून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याही घरी तेच होतं. आई हॉप्सचे पैसे परकराला शिवून ठेवायची, वडिलांच्या हाती लागू नयेत म्हणून." मग जरा थांबून म्हणाल्या, "आम्ही दोघं रविवारी जेवताना एक-एक ग्लास घ्यायचो. पण मला आठवतं ते पिणं नाही, बरोबरीनं केलेलं काम." मी पदर खोचला.

आधी साफसफाई. रबरी नळ्या चिरल्या होत्या, त्या सरळ टाकल्या. जुन्या हॉप्सच्या पुडीला शिळ्या चीजसारखा वास येत होता, तीही गेली. यीस्ट नवं आणलं. भांडी धुऊन जंतुनाशकातून काढली. आपण बरणीला ओला हात लागू देत नाही, तसलंच सोवळं!

वीस लिटरला चार किलो माल्ट. म्हणजे सातूला मोड आणून वाळवायचे आणि भरडायचे. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो तसंच. ते ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठूळपणा जाऊन गोडी उतरते. तो गोड काढा मी जिभेवर घेऊन पाहिला, थेट माल्टच्या दुधाची चव. मग गाळून तासभर उकळायचं. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात. सुवास हवा तर शेवटी घालायचे, नाहीतर तो वाफेबरोबर उडून जातो. आपल्या कोथिंबिरीचंही तेच नाही का? शेवटी घालायला बाईंनी मळ्यातून ताजे हॉप्स आणले होते. त्यात पाणीच फार, म्हणून वाळलेल्यांच्या पाच-सहापट घ्यावे लागतात.

मापांची वही नवऱ्याच्या हातची होती. तो मोजायचा, त्या ढवळायच्या. वही उघडून बाई बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग चष्मा लावला आणि स्वतः तराजू घेतला. मी ढवळायला उभी राहिले.

काढा थंड करून यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे निघाले, तेव्हा बाईंनी कुंपणापलीकडून मला हाक मारली. दोन आठवडे आंबणं, चमचाभर साखर घालून बाटल्या भरणं, आणखी दोन आठवडे वाट पाहणं. हे सांगते आहे ते कौतुक म्हणून, कृती म्हणून नव्हे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे.

ऑक्टोबर सरता सरता पहिली बाटली उघडली. माझ्यासमोर चहा होता. फेस छान आला, वास तर खोलीभर मळ्याचा. बाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसल्या. "कडू झालीय! तो असता तर बोलला असता." पण ग्लास संपवला. मग वही काढली. नवऱ्याच्या अक्षरातली शेवटची ओळ पानाच्या मध्यावर संपत होती. तिच्याखाली त्यांनी तारीख घातली आणि आपल्या अक्षरात लिहिलं : सुरुवातीचे हॉप्स पुढच्या वेळी थोडे कमी.