गुरुवारची वही

आमच्या शेजारच्या मावशी आणि त्यांच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई गेली अकरा वर्षं दर गुरुवारी दुपारी चारला एकत्र प्रार्थनेला बसतात. (चर्चच्या लोकांना नगरकडचे ख्रिस्ती ‘मंडळी’ म्हणतात.) एखादी गावाला गेली तर फोनवर, पण वार चुकत नाही. ‘प्रेयर पार्टनर’ म्हणतात त्या एकमेकींना. जोड्या पाळकांनी लावून दिल्या होत्या. बाकीच्या बऱ्याचशा वर्षभरातच विरल्या म्हणे.

दोघांनी मिळून प्रार्थना करणं आम्हालाही नवं नाही. दोघं असले तरी जमात होते, एक इमाम आणि दुसरा त्याच्या उजव्या हाताला. एकट्याच्या नमाजपेक्षा जमातीच्या नमाजचा सवाब २७ पट, अशी हदीस आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे मला ठाऊक नसतं, विचारायचंही नसतं. सलाम फिरवला की तो त्याच्या दुआत, मी माझ्या. मला हा आडोसा फार प्रिय आहे.

मावशींकडे मात्र आधी सांगावं लागतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात, दोघांनी एकमतानं मागण्याबद्दल येशूचं वचन आहे. एकमत व्हायचं तर मागणं काय ते दोघींना कळायला हवं. म्हणून वही. तीन रकाने: कोणासाठी, काय मागितलं, काय झालं. तिसरा रकाना पुष्कळ ठिकाणी कोरा आहे, आणि मावशी तो उगाच भरत नाहीत.

यात एक धोका असतो, तो मावशींनीच सांगितला. ‘प्रार्थनेत ठेवा हं’ म्हणत म्हणत एखाद्याच्या घरातलं भांडण गावभर होतं. म्हणून त्यांचा नियम कडक: वहीतलं वहीत. यजमानांनाही नाही.

गेल्या वर्षी अब्बांचं डायलिसिस सुरू झालं. मावशी भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “भाई, तुमचं नाव वहीत लिहू का?”

मी गप्प राहिलो. त्या येशूच्या नावानं मागतात. ईसा आमचेही पैगंबर, पण मागणं फक्त अल्लाहकडे. हा फरक लहान नाही, आणि तो नाहीच असं दाखवणारी गोडगोड भाषा मला जमत नाही.

अब्बा म्हणाले, “लिहा. तुम्ही तुमच्या रीतीनं मागा. मी आमेन म्हणणार नाही.”

“आमेन म्हणायला आमच्या नर्सबाई आहेत की!” मावशी हसल्या. “काय मागू ते सांगा.”

मला वाटलं, हे काय विचारणं? बरं वाटू दे, आणखी काय. अब्बांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “रात्री सलग तीन तास झोप.”

ते झोपत नाहीत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. उशाशी तसबीह घेऊन पडून असायचे, आम्हाला वाटायचं वजीफा चाललाय. दवाखान्यात वजन विचारत, बीपी विचारत. पाहुणे ‘बरं आहे ना?’ विचारत, त्याचं उत्तर त्यातच असतं.

आता दर गुरुवारी तीनच्या सुमारास कंपाउंडवरून हाक येते, “भाई, किती?” अब्बा खरं सांगतात. दोन. दीड. एकदा साडेतीन. तिसऱ्या रकान्यात मावशींनी ‘कधी कधी’ असं लिहिलंय.

मध्यंतरी अब्बांनी त्यांना विचारलं, “तुमच्या नर्सबाई स्वतःसाठी काय मागतात?”

“ते नाही सांगता यायचं, भाई.”

अब्बांना ते पटलं. हल्ली इशानंतर खुर्चीवर बसून त्यांची दुआ जरा लांबते. घरातल्या सगळ्यांची नावं झाली की शेवटी अल्लाहला सांगतात, त्या नर्सबाईंचं जे काय असेल ते.