बाड

पोथी आपला मान राखून असते. रुमालात बांधलेली, देवघरात ठेवलेली, नेमानं वाचायची. तिची पानं सुटी, पण क्रम पक्का : एकच ग्रंथ, मंगलाचरणापासून फलश्रुतीपर्यंत. बाड तिच्याच नात्यातलं, पण पायाला भिंगरी लागलेलं. लांबट कागदांची एक कड शिवली की झालं बाड. कीर्तनकाराबरोबर ते गावोगाव हिंडलं, समईच्या उजेडात उघडलं गेलं.

त्याच्या पोटात सगळ्यांना जागा. अभंग, पदं, भारुडं, आरत्या, भूपाळ्या. नामदेवांशेजारी एकनाथ, एकनाथांशेजारी कबीर. उरलेल्या कोऱ्या जागेत कुणी एखादं औषध टिपून ठेवलेलं, कुणी देण्याघेण्याची नोंद केलेली. बाप गेला की मुलानं पुढं लिहायचं. अक्षर बदलतं, शाई बदलते, बाड तेच राहतं.

या सरमिसळीला गबाळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि त्याला पुष्टी देणारी प्रमाणं निरनिराळ्या संतांकडून आणतो. ऐन कीर्तनात ती ओठांवर यायला हवीत. म्हणून बाडात कवी कोण यापेक्षा प्रसंग कोणता, याला महत्त्व : नाममहिमा, बाळक्रीडा, विरह. कुणाजवळ कुणाला बसवायचं, हे लिहिणाऱ्याच्या कानानं ठरवलेलं असतं.

संशोधकांना मात्र ते कोड्यात टाकतं. एकच अभंग दोन बाडांत दोन कवींच्या नाममुद्रेनं भेटतो. संत नामदेवांच्या आणि नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना परंपरेत अशा मिसळल्या, की त्या वेगळ्या करता करता अभ्यासक थकले. १८५४ मध्ये परशुरामपंत गोडबोल्यांचं ‘नवनीत’ छापून आलं. निवडक मराठी कवितेला छापील घर मिळालं आणि हाती लिहिलेली बाडं हळूहळू माळ्यावर गेली. तिथून ती उतरवायला माणसं लागली. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून, घराघरांतून रामदासी बाडं मिळवली. ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात सांभाळली गेली.

आज लेखक प्रकाशकाकडे हस्तलिखिताचं बाड देतो, तेव्हा त्या शब्दात लेखनाचा जाडजूडपणा तेवढा उरलेला असतो. वेचून, जुळवून, जवळ बाळगण्याचा अर्थ गळून गेला आहे.

म्हणून जुनं बाड हाती आलं, तर त्यातल्या रचना कवीवार उपसून मोकळं होऊ नये. अभंग छापील गाथेतही सापडतील; कोणत्या अभंगापाठोपाठ कोणतं पद गायलं जायचं, हे गाथा सांगणार नाही. त्या क्रमातच नाव मागे न ठेवता गेलेल्या एका कीर्तनकाराचं अख्खं कीर्तन आहे. सूची करताना बाडाची पानं, त्यांचा क्रम आणि कडेच्या नोंदीही जशाच्या तशा टिपल्या, तरच ते आपल्याला ऐकता येईल.