नऊ एकरांचा हिशेब

या दिवाळी अंकासाठी बदलत्या नात्यांविषयी काहीतरी प्रसन्न लिहावे, अशी संपादकांची इच्छा आहे. ज्याची उमेद वाटणीच्या दाव्यांत खर्ची पडली त्या दिवाणी वकिलाकडे अशी मागणी करणे हे धाडसच म्हटले पाहिजे. कारण माझ्याकडे नाती येतात ती वादी आणि प्रतिवादी अशा दोन बाजूंना उभी राहिल्यानंतरच, आणि प्रसन्नता तोवर दप्तरी दाखल झालेली असते. तथापि नुकतेच निकाली निघालेले एक प्रकरण मनातून उतरत नाही, त्याच्या निमित्ताने चार गोष्टी सांगतो. कायद्याची कलमे टाळण्याचा प्रयत्न करीन. तो सफल होईल अशी हमी मात्र देत नाही.

कृष्णाकाठची नऊ एकर बागाईत, वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, म्हणून लागलेले. आई आधीच निवर्तलेली. वडील 2001 साली वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचे लग्न 1989 सालचे. धाकटा शिकून पुण्यास नोकरीला लागला. थोरला गावी राहिला, त्याने सोसायटीचे कर्ज काढून नदीवरून पाइपलाइन आणली, विहीर बांधली आणि वडिलांच्या अखेरच्या दीर्घ दुखण्यात रात्रीची जागरणे केली. हा थोरला माझा अशील. 2013 साली बहिणीने वाटणीचा दावा लावला आणि आम्ही कैफियत दिली.

आता जो वाद मला अतिशय प्रिय आहे तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वारस केले, पण जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मामुळेच हिस्सेदार, केले नाही. महाराष्ट्राने तो मान 1994 साली दिला. परंतु 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या, आणि आमच्या प्रकरणातील बहीण नेमकी त्या वगळलेल्यांत बसली. पुढे केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून विवाहित-अविवाहित हा भेदच काढून टाकला. तेव्हा प्रश्न उपस्थित झाला, की या तारखेपूर्वीच बाप वारला असेल तर? 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्या दिवशी बाप आणि लेक दोघेही हयात हवीत. 2018 साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने या निर्णयाशी विसंगत वाटेल असा निकाल दिला, आणि अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले, की हक्क जन्माने येतो, बाप हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदलेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी उकरून काढता येणार नाही. तोंडी वाटपाचा बचाव सामान्यतः चालणार नाही, हेही त्यात आले. त्यामुळे ‘आमचे वाटप पंचांसमक्ष पूर्वीच झाले होते’ असे शपथेवर सांगणाऱ्या असंख्य भावांची पंचाईत झाली.

वाचकांस हे रुक्ष वाटेल, म्हणून त्याचे एकरांत रूपांतर करतो. जुन्या हिशेबाने वडील वारले त्या क्षणी कल्पनेने वाटणी झाली असे धरायचे: वडील व दोन मुलगे यांना तीन-तीन एकर, मग वडिलांच्या तीन एकरांत तिन्ही मुलांना एकेक. भावांना प्रत्येकी चार, बहिणीला एक. 2016 साली मिळालेला प्राथमिक हुकूमनामा याच हिशेबाचा होता. बहिणीचे अपील प्रलंबित असता 2020 चा निकाल आला, आणि अपिलात तिघांनाही तीन-तीन एकर ठरले. अशिलाने मला विचारले, “साहेब, जमीन तीच, बहीण तीच. कायदा बदलला कधी?” मी म्हणालो, “कायदा 2005 सालीच बदलला. त्याचा अर्थ 2020 साली ठरला.” या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

प्रतिवादीचा वकील असूनही माझे स्पष्ट मत आहे, की 2020 चा निकाल योग्य आहे. जो हक्क जन्माने येतो असे आपण मुलाच्या बाबतीत शतकानुशतके मानीत आलो, तो मुलीच्या बाबतीत मात्र बापाच्या मृत्युदाखल्यावरील तारखेवर अवलंबून ठेवणे तर्काला धरून नव्हते. ‘मुलींना हक्क दिल्याने घरे मोडली’ हे वाक्य बाररूमपासून पारापर्यंत ऐकून माझे कान किटले आहेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली त्याला सुमारे नऊशे वर्षे होत आली. तीत दायविभागाचे प्रकरण किती विस्ताराने लिहिलेले आहे ते पाहावे. त्या काळी मुलगी सहदायाद नव्हती. भाऊ-भाऊ भांडत नसते, तर त्या विद्वानाने एवढी शाई कशासाठी खर्च केली असती?

लोकांच्या इतर गैरसमजांविषयी बोलू लागलो तर अंक पुरणार नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडाला असे बहिणीला वाटते, आणि नाव आहे म्हणून मालकी पक्की झाली असे भावाला वाटते. वस्तुतः फेरफार हा मुख्यत्वे महसुलाच्या सोयीचा कागद, तो उलट पुरावा येईपर्यंतच खरा मानावयाचा. बँकेत नॉमिनी लावलेला मुलगा स्वतःला मालक समजतो. तो केवळ पैसे स्वीकारणारा विश्वस्त, मालकी सर्व वारसांची. आणि प्राथमिक हुकूमनामा हाती पडला की पक्षकार पेढे वाटतो, त्याला मला दरवेळी खाली बसवून सांगावे लागते, की आता कुठे हिस्से ठरले. सारा आकारलेल्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, तेथून कागद तहसिलीत, मग भूमी अभिलेखाची मोजणी, हरकती, आणि मग ताबा. या मार्गावर वादी मयत होऊन त्याचे वारस दाखल करण्याचे अर्ज मी किती दिले, ते आता आठवतही नाही.

परंतु मला सतावते ती गोष्ट निराळीच. वाटप सरसनिरस मानाने करावे, असे कायदा सांगतो. म्हणजे जमिनीचा कस, पाणी, रस्ता पाहून कमी-अधिक जुळवून घ्यावे. ज्याने विहीर बांधली त्याच्या हिश्शात शक्यतो विहिरीचा तुकडा द्यावा, एवढी समन्याय-बुद्धीही कोर्टे दाखवितात, आणि ती मी माझ्या अशिलासाठी मागून घेतली. मात्र वडिलांच्या उशाशी काढलेल्या रात्रींचे काय? त्यांचा उतारा कोणत्या दप्तरात निघतो? दुसऱ्या बाजूने बहिणीने उलटतपासात शांतपणे सांगितले, की आई आजारी असताना तिची शाळा सातवीत थांबली, कारण धाकट्याला सांभाळणारे घरात दुसरे कोणी नव्हते. त्याचा उतारा तरी कोठे आहे? धाकटा साक्षीला आला, मान खाली घालून ‘खरे आहे’ म्हणाला, आणि तीन एकरांचा हिस्सा घेऊन पुण्यास परतला. कायद्याने तिघांना समान केले. त्यात चूक काढता येत नाही, आणि तरीही न्याय झाला असे मला निःशंकपणे म्हणवत नाही.

बराच विचार करता मला असे वाटते, की हा दोष कायद्याच्या माथी मारणे अन्याय्य होईल. कायदा जन्म मोजू शकतो. कोणी कोणासाठी काय केले हे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही, आणि असू नये हेच बरे, नाहीतर प्रत्येक दाव्यात मायेच्या पावत्या हजर कराव्या लागतील. तो हिशेब जाणणारा मनुष्य एकच होता, वडील. आणि एकत्र मिळकतीतील आपला हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देण्याची मुभा त्यांना 1956 पासून होती. त्यांना थोरल्याची सेवा ठाऊक होती, लेकीची सुटलेली शाळाही ठाऊक होती. पण मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ, म्हणून तो कोणी काढला नाही. आणि नंतर तो विषय काढण्यासाठी दोन वकील, दोन न्यायालये आणि दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

म्हणून वडीलधाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे. वाटप करायचे तर हातीपायी धड असताना, मुलगे आणि मुली सर्वांना समोर बसवून करा, आणि त्याचा दस्त नोंदवा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही; स्वतःची सही आणि आपल्यासमक्ष सही करणारे दोन साक्षीदार पुरतात. ज्याला अधिक द्यायचे त्याला का दिले, ते दोन ओळींत लिहा. त्या ओळींचे मोल जमिनीहून कमी नसते. आणि भावांना एवढेच सांगणे, की वडिलांच्या तेराव्याच्या आत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवू नका. तिला सोडायचे असेल तर ती वर्षानेही सोडील, आणि सोडायचे नसेल तर तो तिचा हक्क आहे.